गुणाबाईंचं ‘नको’

नळाला पाणी आलेली सकाळ म्हणजे पंचशीलेच्या घरात लग्नघराची धांदल. टाकी भरली की हौद, हौद भरला की पिंपं, पिंपं झाली की घरातलं झाडून सगळं तांबं-पितळ. एका हातात पाइप धरून दुसऱ्या हातानं ती भिजवलेले चुरमुरे पिळत होती. आज नाश्त्याला चुरमुऱ्यांचा सुशीलाच करायचा होता, पोळ्या लाटायला सवड नव्हती. तिचे यजमान आनंदराज आंघोळीला गेले होते आणि लेक लुंबिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून इंग्रजीच्या बाईंनी दिलेला शब्द घोकत होती.

“मम्मी, ऑब्लिक म्हणजे काय गं?”

“आपल्या घराचा नंबर. सतरा ऑब्लिक दोन.”

“ती आकड्यांमधली तिरकी रेघ झाली. बाईंनी विशेषण म्हणून दिलंय. तीन वाक्यं करायचीत.”

पंचशीला नांदेडच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. तरी हा शब्द तिला रेघेपलीकडे कधी भेटला नव्हता. आनंदराजांच्या पाटबंधारे ऑफिसात प्रत्येक फाइलीच्या नंबरात तो दोन-तीनदा यायचा, तिथंच तिची ओळख संपत होती. लुंबिनीनं मोबाइलवर अर्थ काढून वाचला. “तिरका, कललेला. आणि दुसरा अर्थ, सरळ न सांगितलेला, आडवळणाचा. म्हणजे एखादीनं मनातली गोष्ट थेट न बोलता दुसरंच काहीतरी बोलून सुचवायची. मम्मी, असं कोण बोलतं गं? याचं वाक्य कसं करू?”

पंचशीला हसली. ती काही बोलणार, तेवढ्यात टकटक झाली. दारावर नाही, दाराशेजारच्या खिडकीच्या गजावर.

“घे,” पाइप बादलीत सोडत पंचशीला म्हणाली. “तुझं वाक्य चालत आलं.”

दारावर थाप मारून आत येणं शेजारच्या गुणाबाईंना माहीतच नव्हतं. त्यांची काठी खिडकीच्या गजाला लागायची. मग दार उघडलं की त्या म्हणायच्या, “काठी लागली गं नुसती. तू खामखा काम सोडून आलीस.” आणि म्हणता म्हणता चपला काढून आत आलेल्या असायच्या.

त्यांची पहिली भेटही अशीच झाली होती. लुंबिनी रांगत होती त्या वर्षी पंचशीला-आनंदराज लातूरच्या या गल्लीत राहायला आले. सामान लावून होतंय तोवर गुणाबाई ओट्यावर येऊन टेकल्या. “तुमचं आडनाव काय म्हणायचं? न्हाई, पोस्टमन इचारत होता.” पोस्टमननं अजून गल्लीत तोंडही दाखवलं नव्हतं. पंचशीलेनं आडनाव सांगितलं. त्यानं भागलं नाही. “वर्षाला कुठल्या देवाला जाता?” मग थोडं थांबून, “तुमच्यात नवरी लग्नात पांढरं नेसती का गं?” तिसऱ्या वळणावर पंचशीलेला कंटाळा आला. असल्या वळणांची तिला लहानपणापासून सवय होती आणि ती कुठं जाऊन पोचतात हेही ठाऊक होतं. ती म्हणाली, “मावशी, आम्ही बौद्ध आहोत. सरळ विचारलं असतंत तरी सांगितलं असतं.”

गुणाबाई बराच वेळ स्वतःच्या पायांकडे बघत बसल्या. पंचशीलेला वाटलं, आता उठतील आणि पुन्हा या ओट्यावर दिसायच्या नाहीत. पण त्या रांगत्या लुंबिनीकडे वळल्या आणि तिलाच म्हणाल्या, “बाळा, तुझ्या मायनं चहात आलं टाकलं असतं, तर मी बी घोटभर घेतला असता की.”

पंचशीलेनं आत जाऊन आलं ठेचलं. तेव्हापासून त्या घरचा चहा गुणाबाईंना कधी चुकला नाही, आणि त्यांनी तो कधी मागितलाही नाही.

गुणाबाई सासरकडून किल्लारीच्या. भूकंपाच्या आधीच्या जुन्या किल्लारीच्या. तिथल्या गल्ल्या अशा वाकड्यातिकड्या की शेजारच्या घरी जायचं तरी तिघांच्या अंगणातून जावं लागे. त्या गावात त्या सून म्हणून आल्या तेव्हा सासऱ्याशी, थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. नवऱ्याशीही चारचौघांत नाही. मग नव्या सुनेनं घरात काय हवं-नको ते सांगावं कसं? गुणाबाई गोठ्यातल्या गायीला सांगायच्या. “हरणे, तुझी वैरण सरली गं, आता काय खाशील?” ओसरीवर बसलेला सासरा खाकरायचा, आणि संध्याकाळी कडब्याची गाडी दारात. रांजणाला सांगायचं, “तुझा तळ दिसायला बाबा,” की दीर आडावर जायचा. ‘लेकी बोले, सुने लागे’ ही म्हण बाकीच्या बायका टोमणा मारायला वापरतात. गुणाबाईंनी त्या म्हणीवर अख्खा संसार केला.

त्यांचे यजमान निवृत्तीराव होते तोवर सगळं ठीक चाललं. त्यांना बायकोचं बोलणं वळणासकट कळायचं. गुणाबाई एकदा गायीपाशी म्हणाल्या होत्या, “हरणे, आमच्या औशाकडच्या पोळ्याला बैलांची शिंगं लई झकास रंगवतात.” दुसऱ्या दिवशी पहाटे निवृत्तीरावांनी गाडी जुंपली आणि त्यांना माहेरी नेऊन सोडलं. गायीलाच विचारत होते म्हणे, “हरणे, परत कधी आणायचं ते बी सांगितलंय का काय तुला?”

ते गेले. मग लेकानं, शेषेरावानं, औसा रोडला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं, लातूरला घर बांधलं आणि आईला घेऊन आला. इथं गाय नव्हती. मनी मांजर होती आणि फाटकावर चढलेला दोडक्याचा वेल होता. गुणाबाईंनी त्यांच्यावरच भागवलं.

आणि गल्लीनंही गुणाबाईंवर भागवलं. त्यांची बाज फाटकाच्या आत, दारापाशी असायची. गल्लीतल्या खोल्यांमधून क्लासला आलेली गावोगावची पोरंपोरी भाड्यानं राहतात. क्लासला जाताना ती खोलीची किल्ली गुणाबाईंच्या उशाखाली सरकवून जातात. कुठली किल्ली कुणाची, कोण वेळेत परतलं, कोण रडून आलं, सगळं त्या बाजेवरून दिसायचं. मागच्या वर्षी हिमायतनगरची पूनम नावाची पोरगी परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून दोन वेळा जेवलीच नाही. मैत्रिणी समजावून थकल्या. घरून फोन आला, त्यावर अजून रडली. संध्याकाळी किल्ली घ्यायला आली तेव्हा गुणाबाई तिच्याकडे न बघता वेलाला म्हणत होत्या, “दोडक्या, औंदा तुला एक बी फळ लागलं न्हाई. लागलं न्हाई तर न्हाई. म्हणून काय मी तुला पाणी द्यायचं थांबवायची हाय का?” पोरगी आधी हसली, मग तिथंच बाजेच्या कडेला बसून हमसाहमशी रडली, आणि मग तिनं गुणाबाईंच्या हातची ज्वारीची भाकर पिठल्याशी खाल्ली. पंचशीला तेव्हा गच्चीवरून कपडे काढत होती. तिला वाटलं, हेच जर सरळ सांगितलं असतं, तर पोरीनं ऐकून घेतलं नसतं.

पण लेकाचं म्हणणं वेगळं होतं. शेषेरावाचा मोठा अभिमान हा, की आपल्याला आईची भाषा कळते. “वैनी, सोपं हाय,” तो पंचशीलेला सांगायचा. “आई बोलती ते उलटं वाचायचं. ‘मला कशाला कूलर, म्हातारीला काय ऊन लागतंय’ म्हणली. आणला मी कूलर. उन्हाळाभर त्याच्यापुढून हालली न्हाई. ‘मला नको इरकल’ म्हणली. आणलं. चार लग्नं त्याच लुगड्यात झाली. आईचं नको म्हणजे आण लवकर!”

त्यात खोटं काही नव्हतं. तेच तर अवघड झालं.

दिवाळीत शेषेराव म्हणाला, “आई, वर तुझ्यासाठी खोली बांधतो.” गुणाबाई म्हणाल्या, “मला वर कशाला? मी खालीच बरी.” शेषेरावानं बायकोला हाक मारली, “रेणुका, ऐकलंस का? आईला पाहिजे!” आणि वाळूचा ट्रॅक्टर दारात उभा राहिला. भिंती उठल्यावर त्या म्हणाल्या, “माझ्या गुडघ्याला जिना चढत न्हाई.” त्यानं जिन्याच्या पायऱ्या बुटक्या करून घेतल्या, दोन्ही बाजूंनी कठडा लावला. स्लॅब पडल्यावर म्हणाल्या, “वर मला करमायचं न्हाई.” त्यानं भिंतीवर टीव्ही बसवला. जितकं ‘नको’ म्हणावं तितकी खोली वाढतच चालली. शेवटी रंग देऊन झाल्यावर गुणाबाई काही बोलल्याच नाहीत, नुसता डोळ्याला पदर लावला. शेषेराव रंगाऱ्याला म्हणाला, “बघा, आनंदानं रडायली.”

आज दुपारी त्या खोलीची पूजा होती. पूजा झाली की गुणाबाईंची बाज वर जाणार होती.

“या मावशी, बसा,” पंचशीला म्हणाली. “आज तर तुमचा दिवस. चहा ठेवू ना?”

“माझा झालाय की.”

पंचशीलेनं आधण ठेवलं. गुणाबाई खुर्चीवर टेकल्या आणि त्यांनी छताकडे बघितलं. “तुमच्या घराला जिना न्हाई. बरं हाय.”

“नाही कसा? मागून आहे की गच्चीला. पण तुमच्यासारखा कठडा नाही आमच्या जिन्याला,” पंचशीला चुरमुऱ्याला फोडणी देत म्हणाली. “किती हौसेनं बांधलंय शेषेरावांनी!”

“हाव. हौशी हाय.” मग थोड्या वेळानं, “कबुतरं लई उंचावर राहतात न्हाई? त्यांना कोण भेटायला जातंय का कधी?”

“कबुतरांचा त्रास आहे का वर? जाळी लावून घ्या मावशी. रेणुकाला सांगते मी.”

गुणाबाईंनी छतावरची नजर खाली घेतली. पंचशीलेच्या मनाला काहीतरी टोचलं, पण तेवढ्यात बादली भरून वाहायला लागली आणि ती पाइप काढायला पळाली. परत आली तेव्हा गुणाबाई लुंबिनीला विचारत होत्या, “काय पाठ करायलीस गं सकाळपासून?”

“इंग्रजी शब्द, आज्जी. ऑब्लिक. म्हणजे मनातलं सरळ न सांगता आडून आडून सांगणं.”

“हे इंग्रजांना बी येतंय?”

“येतंय म्हणून तर शब्द आहे.”

“मग त्यांच्या बायकांना बी सासरे असतील,” गुणाबाई म्हणाल्या. पंचशीलेला हसू आवरेना.

लुंबिनीला जोर चढला. “आज्जी, तुमच्यावरच वाक्य करते मी. तुम्ही म्हणता ‘माझा चहा झालाय’, आणि मम्मी आधण ठेवते. तुमचा नकार ऑब्लिक असतो. म्हणजे तो नकार नसतोच.”

गुणाबाई हसल्या. बशीत चहा ओतला, फुंकर घातली, आणि बशी ओठाशी न नेता तशीच हातात धरून राहिल्या.

“आन पोरी,” त्या म्हणाल्या, “खरंच नको असलं म्हणजे? तवा काय म्हणायचं असतंय?”

लुंबिनीनं मोबाइलकडे बघितलं. मग आईकडे.

“नको म्हणलं की नकोच, असा काय शब्द हाय का तुझ्या त्याच्यात?”

पंचशीलेनं गॅस बंद केला. जिना, कबुतरं, डोळ्याला लावलेला पदर, सगळं तिच्या समोर एका ओळीत येऊन उभं राहिलं. गेले कित्येक महिने या बाईनं नको म्हणून सांगितलं होतं. एका शब्दाचंही वळण न घेता. ऐकणाऱ्यांनीच ते वळवून घेतलं होतं. तिनं स्वतःनंही. परवाच ती फाटकाशी थांबून म्हणाली होती, “मावशी, नशीब काढलंत.”

ती गुणाबाईंसमोर जमिनीवर बसली. “मावशी, तुम्हाला वर जायचं नाही?”

“कपाचा कान फुटलाय गं तुझ्या,” गुणाबाई म्हणाल्या.

“मावशी.”

“वरून फाटक दिसत न्हाई,” त्या म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता. “टाकीच दिसती शेजारच्याची. पोरं किल्ल्या कुणापाशी ठिवतील? चार दिवस जिना चढतील, मग थकतील. कोण येतंय वर एका म्हातारीसाठी.” मग बशीतल्या चहाला म्हणाल्या, “पंचशीलेचं बोलणं शेषाला लई पटतंय. बी.ए. झालेल्या बाईचं कोण मोडंल?”

हे वळण मात्र पंचशीलेला लगेच कळलं. तिनं मान हलवली. “मी सांगितलं तर काय होईल ते सांगू? शेषेराव म्हणतील, ‘वैनी, तुम्हाला आईनं पाठवलंय ना? म्हणजे तिला जायचंय!’ आणि तुम्हाला उचलून वर नेतील.”

गुणाबाईंना हसू आलं, कारण ते तसंच होणार होतं.

“मी सोबत येते. तुमच्या शेजारी उभी राहते. पण बोलायचं तुम्ही.”

“मी कवा समोरून बोलले गं कुणाशी? शेषाच्या बापाशी बी न्हाई बोलले.”

“त्यांना गरज पडली नाही.”

गुणाबाईंनी चहा संपवला, बशी पुसून कपाखाली ठेवली, काठी घेतली. लुंबिनीही वही टाकून मागोमाग निघाली.

शेजारी पूजेची गडबड होती. रेणुका नवी साडी नेसून जिन्याच्या पायऱ्यांवर रांगोळी काढत वर चालली होती. अंगणात शेषेराव आणि दुकानातला माणूस बाज उचलून उभे होते. तिच्यावरची गोधडी आणि उशी जमिनीवर काढून ठेवली होती आणि उशीखालच्या किल्ल्या कुणीतरी फाटकाच्या खांबावर मांडल्या होत्या.

“या वैनी! बघा, सत्कारमूर्ती आली,” शेषेराव म्हणाला. “म्हणलं पूजेच्या आधीच बाज लावून टाकू, नंतर पाहुण्यांत जमायचं न्हाई. आई, खिडकीपाशी लावू का भिंतीला?”

गुणाबाई जिन्यापाशी थांबल्या. सवयीनं त्या बाजेला म्हणाल्या, “बाजे, तुला वर वारं झोंबंल गं. तुझ्या सुंबाला ते सोसायचं न्हाई.”

“ऐकलं का वैनी?” शेषेराव हसला. “खिडकीपाशीच लावायची. आईला वारं पाहिजे!”

पंचशीलेच्या जिभेवर वाक्य आलं होतं. पूर्ण, स्वच्छ, बी.ए. झालेलं. तिनं ते गिळलं आणि गुणाबाईंच्या कोपराला नुसता हात लावला.

“चला, धरा,” शेषेराव दुकानातल्या माणसाला म्हणाला आणि बाज जिन्याकडे वळवली.

गुणाबाई पहिल्या पायरीवर बसल्या. रेणुकानं नुकत्याच काढलेल्या रांगोळीवर.

“आई, रांगोळी!” रेणुका वरून ओरडली.

“आई, उठ की. गुडघा दुखला का?”

मनी फाटकावर बसली होती. गुणाबाईंनी तिच्याकडे बघितलं. दोडक्याच्या वेलाकडे बघितलं. मग दोघांनाही सोडून त्यांनी लेकाच्या तोंडाकडे बघितलं.

“शेषा,” त्या म्हणाल्या. “बाज खाली ठेव. हिकडं ये.”

शेषेरावाला आधी कळलंच नाही की हे आपल्यालाच म्हटलंय. आई त्याला काही सांगायची ते मांजरीच्या नावानं, सुनेच्या नावानं, देवाच्या नावानं. त्यानं बाज टेकवली आणि हसतच पुढे आला. “काय आई? अजून काय नको तुला? बोल, ते बी आणतो.”

“हसू नको. बस इथं.”

तो आईसमोर उकिडवा बसला. त्यानं पंचशीलेकडे बघितलं. ती हसत नव्हती. त्यानं आईकडे बघितलं, आणि त्याचं हसू ओठांवरच थांबलं.

“लई चांगली खोली बांधलीस,” गुणाबाई म्हणाल्या. “तुझ्या बापानं बांधली नसती अशी.”

“मग?”

“मग-बिग काय न्हाई. आता मी जे म्हणीन ते सरळ ऐकायचं. उलटं वाचायचं न्हाई.”

शेषेरावानं मान हलवली. शेजारच्या नळाचं पाणी हौदात पडत होतं. गुणाबाईंनी काठी मांडीवर आडवी ठेवली आणि लेकाचा हात हातात घेतला.

“मला वर जायचं न्हाई. माझी बाज दारापाशीच राहू दे.”